स्टीअरिंगची कुरकुर वेळीच ऐका

मोटारीची निगा म्हटली की इंजिन ऑइल, ब्रेक, बॅटरी आणि एअर कंडिशनर या चार गोष्टी बहुतेकांना आठवतात. गाडीला दिशा देणारी स्टीअरिंग यंत्रणा मात्र या यादीत क्वचितच असते. गाडी वळते आहे, म्हणजे सारे ठीक आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो किती अपुरा आहे, हे अलीकडच्या दोन घटनांवरून ध्यानात येते.

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या दोन मॉडेल्सच्या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या टाय रॉडमध्ये दोष असण्याची शक्यता होती. क्वचित प्रसंगी हा भाग तुटून गाडीच्या दिशानियंत्रणावर परिणाम होऊ शकतो, असे कंपनीने त्या वेळी कळविले होते. पाठोपाठ ऑगस्ट २०२४ मध्ये ऑल्टो के-१० च्या २,५५५ गाड्या स्टीअरिंग गिअरबॉक्समधील संभाव्य दोषासाठी बोलावण्यात आल्या. भाग बदलून होईपर्यंत गाडी वापरू नये, असा सल्लाही मालकांना देण्यात आला. ब्रेकचा जोर कमी झाला तर चालकाला पायाखाली काहीतरी जाणवते आणि सावरायला क्षणभर वेळ मिळू शकतो. टाय रॉड तुटला तर तो क्षणही हाती राहत नाही.

या दोन्ही घटनांत दोष कारखान्यातला होता आणि तो कंपनीने शोधला. रस्त्यावरच्या बहुतांश गाड्यांत मात्र दोष कारखान्यातून येत नाही. तो खड्डे, चिखल आणि दुर्लक्ष यांतून हळूहळू तयार होतो. त्याचा शोध मालकानेच घ्यावा लागतो.

छोटी एसयूव्ही, मोठा मार

केंद्र सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. या एका निर्णयाने भारतीय मोटारींची मोजमापेच बदलली. पुढे याच चौकटीत फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३), मारुती विटारा ब्रेझा (२०१६), टाटा नेक्सॉन (२०१७) आणि ह्युंदाई व्हेन्यू (२०१९) या छोट्या एसयूव्ही आल्या. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतील मध्यमवर्गाने त्यांना आपलेसे केले.

या पसंतीमागे एक कारण ठळक आहे. 'आपल्याकडचे रस्ते पाहता उंच गाडी बरी' हे वाक्य शोरूममध्ये हमखास ऐकू येते. उंच गाडीचा तळ गतिरोधकाला घासत नाही, हे खरेच. मात्र त्यामुळे चालक खड्ड्यापाशी वेगही तितकासा कमी करीत नाही. उंचीमुळे इंजिनाखालचा भाग वाचतो. चाकाला जोडलेल्या सांध्यांना मात्र या उंचीचा काडीचाही उपयोग नसतो. खड्ड्याची धार चाकावर आदळते आणि तो धक्का थेट बॉल जॉइंट, टाय रॉड आणि स्टीअरिंग रॅकपर्यंत पोहोचतो. त्यातच या गाड्यांची चाके हॅचबॅकपेक्षा मोठी आणि जड असतात. म्हणजे मार अधिक आणि मार देणारे वजनही अधिक.

हातातील चक्रापासून चाकापर्यंत

आजच्या बहुतेक छोट्या एसयूव्हींमध्ये 'रॅक अँड पिनियन' पद्धतीचे स्टीअरिंग असते. तिची रचना समजून घेतली तर पुढचे सारे सोपे होते.

आपण हातात धरतो ते चक्र स्टीअरिंग कॉलम नावाच्या दांड्यावर बसविलेले असते. हा दांडा सरळ चाकांपर्यंत जात नाही. वाटेत इंजिन आणि पॅडल असल्याने त्याला वळसा घ्यावा लागतो. त्यासाठी मध्ये युनिव्हर्सल जॉइंट असलेला एक छोटा दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. हे पिनियन एका आडव्या दातेरी पट्टीवर फिरते. ती पट्टी म्हणजे रॅक. चक्र फिरले की पिनियन फिरते आणि रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. गोल गतीचे सरळ गतीत रूपांतर करणारी ही साधी, पण अत्यंत चोख युक्ती आहे.

रॅकच्या दोन्ही टोकांना आतला टाय रॉड असतो. गॅरेजच्या भाषेत त्याला 'रॅक एंड' म्हणतात. त्याला जोडून बाहेरचा 'टाय रॉड एंड' येतो आणि तो चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसविलेले असते त्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेला असतो. नकल खाली लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर आणि वर शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या माउंटमधील बेअरिंगवर फिरते.

टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हे मानवी शरीरातील खांद्याच्या सांध्यासारखे असतात. एका वाटीत एक गोळा बसविलेला, भोवती ग्रीस आणि ते सांभाळायला वरून रबरी टोपी. ही टोपी म्हणजे या सांध्याचे सारे आयुष्य. ती फाटली की ग्रीस बाहेर पडते आणि पाणी व बारीक वाळू आत शिरते. मग प्रत्येक वळणावर वाळू त्या गोळ्याला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. रॅकच्या दोन्ही बाजूंना घडीदार रबरी बूट असतात, त्यांचेही काम हेच. हा बूट फाटलेला वेळीच दिसला तर केवळ बूट बदलून भागते. पावसाळाभर तसाच राहिला तर रॅक गंजतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

वळताना दोन्ही पुढची चाके समान कोनात वळत नाहीत, हीदेखील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते अधिक वळावे लागते. घोडागाडीच्या काळात म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी ही रचना सिद्ध केली आणि रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. आजही ही भूमिती अ‍ॅकरमन यांच्याच नावाने ओळखली जाते. एखाद्या खड्ड्यात टाय रॉड किंचित जरी वाकला तरी हे गणित बिघडते आणि वळताना टायर रस्त्यावर घासू लागतो.

पॉवर स्टीअरिंग : तेल की वीज?

जुन्या गाड्यांत हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असे. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल रॅकला ढकलण्यास मदत करते. या पद्धतीत तेलाची पातळी, होजमधील गळती आणि पंपाचा पट्टा या तीन गोष्टींवर नजर ठेवावी लागते. चक्र पूर्ण वळविल्यावर कण्हल्यासारखा आवाज आला की तेल कमी झाले आहे, असा पहिला अंदाज बांधावा. तेल घालताना कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचेच घालावे.

आताच्या छोट्या एसयूव्हींमध्ये प्रामुख्याने इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आढळते. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या मोटारीत कॉलमवर मोटर बसविलेली ही पद्धत प्रथम आली. यात चालक चक्रावर किती जोर लावतो आहे हे एक सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात विजेची मोटर मदत करते. तेल नाही, पट्टा नाही, पंप नाही. त्यामुळे 'याला देखभालच लागत नाही' असा गैरसमज पसरला. वास्तविक देखभाल संपलेली नाही. वरच्या अर्ध्या भागातील यंत्रणा बदलली आहे, खालचे टाय रॉड, बॉल जॉइंट आणि रबरी बूट जसेच्या तसे आहेत.

इलेक्ट्रिक स्टीअरिंगला बॅटरीचे आरोग्य महत्त्वाचे असते. बॅटरी दुबळी झाली तर डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागतो आणि चक्र अचानक जड होते. अशा वेळी घाबरू नये. मोटरची मदत गेली तरी चक्र आणि चाक यांच्यातील लोखंडी जोड कायम असते. वेग कमी करून, दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घेता येते. मात्र इंजिन पुन्हा सुरू केल्यावर दिवा गेला म्हणून विषय सोडून देऊ नये. गाडीच्या संगणकात त्या दोषाची नोंद राहते, ती तपासून घ्यावी. पार्किंगमध्ये चक्र एका टोकाला नेऊन तसेच दाबून धरण्याची सवयही टाळावी. तसे केल्याने मोटर तापते आणि स्वतःला वाचविण्यासाठी यंत्रणा मदत कमी करते.

जिप्सी आणि जिमनीचा निराळा वंश

छोट्या एसयूव्हींत एक घराणे वेगळे आहे. १९८५ मध्ये भारतात आलेली मारुती जिप्सी आणि जून २०२३ मध्ये येथे दाखल झालेली जिमनी या दोन्ही गाड्यांत पुढे अखंड अ‍ॅक्सल आहे. त्यामुळे त्यांत रॅकऐवजी स्टीअरिंग बॉक्स असतो. बॉक्समध्ये गोळ्यांच्या मदतीने फिरणारा नट असतो आणि त्याची गती ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड अशा मार्गाने चाकांपर्यंत जाते. ही रचना दणकट असते आणि खडकाळ वाटेवरचे धक्के चालकाच्या हातापर्यंत कमी पोहोचविते. मात्र सांधे अधिक असल्याने झीजही अधिक ठिकाणी होते. मुंबई-पुण्यात चालविताना या गाड्यांचे स्टीअरिंग मधल्या स्थितीत काहीसे सैल वाटते. तो काही अंशी या रचनेचा स्वभाव आहे.

स्वभाव आणि दोष यांतील फरक मात्र ओळखता आला पाहिजे. ठरावीक वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थरथरू लागणे आणि वेग कमी करेपर्यंत न थांबणे, हा अनुभव जिप्सीच्या अनेक जुन्या मालकांना परिचित आहे. अशा वेळी स्टीअरिंग डॅम्पर बदलून वेळ मारून नेली जाते. डॅम्पर थरथर दाबतो, तिचे कारण दूर करीत नाही. ते कारण किंगपिनची झिजलेली बेअरिंगे, सैल टाय रॉड एंड किंवा चाकांचे बिघडलेले बॅलन्सिंग यांत शोधावे लागते.

गाडी बोलते, ऐकावे कसे?

स्टीअरिंगचे दुखणे बहुधा एकाएकी येत नाही. ते आधी सूचना देते. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर सर्वप्रथम टायरमधील हवा तपासावी, मग अलाइनमेंट. गाडी सरळ चालते आहे, पण चक्र वाकडे आहे, असे दिसले तर एखादा जोराचा खड्डा लागून गेला काय, हे आठवावे. ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास चक्र थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग बिघडल्याचा संशय घ्यावा. ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल तर मात्र ब्रेकच्या डिस्ककडे पाहावे.

खडबडीत रस्त्यावर पुढून 'खट् खट्' असा आवाज येणे हे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा स्टॅबिलायझर बारची लिंक सैल झाल्याचे लक्षण आहे. उभ्या गाडीत चक्र फिरविताना स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज आला तर शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या वरच्या बेअरिंगची तपासणी करावी. पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना 'कट् कट्' असा आवाज येत असेल तर तो स्टीअरिंगचा नसून बहुतेकदा ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा असतो. वळण संपल्यावर चक्र आपोआप मध्यावर येत नसेल, तर सांधा घट्ट झाला आहे, युनिव्हर्सल जॉइंट गंजला आहे किंवा अलाइनमेंट बिघडले आहे, असे समजावे.

गॅरेजमध्ये याची खातरजमा करण्याची पद्धत सोपी आहे. गाडी लिफ्टवर घेऊन चाक घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी धरून हलवितात. त्यात खेळ जाणवला तर संशय टाय रॉडवर जातो. बारा आणि सहाच्या जागी धरून हलविल्यावर खेळ आढळला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग तपासतात. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी ते आपल्यासमोर करून दाखविण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः शिरण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये.

अलाइनमेंटचे हिशेब

अलाइनमेंट म्हणजे सर्व्हिस सेंटरने बिलात वाढविलेली एक ओळ, असे अनेकांना वाटते. एक साधा हिशेब मांडून पाहू. पुढचे चाक सरळ रेषेपासून केवळ अर्धा अंश तिरके असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे त्या टायरला सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासत जावे लागते. वर्षाला १० हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हे घासणे ८७ किलोमीटरच्या घरात जाते. टायरची एकच कड झिजलेली दिसते, तिचे हे एक प्रमुख कारण.

सर्वसाधारणपणे दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा अलाइनमेंट तपासावे. पावसाळ्यानंतर ते जरूर करावे. मात्र एक पथ्य पाळावे. सैल टाय रॉड एंड तसाच ठेवून केलेले अलाइनमेंट मशीनवर बरोबर दिसते आणि पहिल्या खड्ड्यात पुन्हा बिघडते. म्हणून आधी सांधे तपासावेत, मग कोन जुळवावेत. टाय रॉडचा कोणताही भाग बदलला तर अलाइनमेंट करणे अपरिहार्य असते. गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर चक्राचा कोन मोजणाऱ्या सेन्सरची शून्यस्थितीही गरजेनुसार नव्याने नोंदवून घ्यावी लागते. चक्र वाकडे दिसते म्हणून ते काढून सरळ बसवून देणारे कारागीरही भेटतात. असे करू देऊ नये. चक्रात एअरबॅग आणि तिची नाजूक वायर असते, शिवाय मूळ दोष खाली तसाच राहतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ स्टीअरिंगविषयी स्पष्ट आहे. चक्रावरील मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा अधिक नसावा, सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट वा पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात, असे हा नियम सांगतो. ३७ सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला जवळपास १० सेंटिमीटर. याउलट सुझुकीच्या अनेक गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत हीच मर्यादा तीन सेंटिमीटर दिलेली आढळते. कायद्याची मर्यादा ही शेवटची रेषा आहे. सुरक्षिततेची रेषा तिच्या बरीच अलीकडे आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा अंमलबजावणीचा आहे. टॅक्सी, टेम्पो यांसारख्या वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता तपासणीला सामोरे जावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत तिची अशी सक्तीची तपासणी होत नाही. मधल्या काळात होते ती पीयूसी चाचणी, आणि ती केवळ धूर तपासते. म्हणजे दीड दशक त्या गाडीच्या टाय रॉडकडे कोणत्याही सरकारी यंत्रणेची नजर जात नाही. २०१३-१४ मध्ये घेतलेल्या पहिल्या पिढीच्या छोट्या एसयूव्ही आज जुन्या बाजारात हातोहात विकल्या जात आहेत. रंग, किलोमीटर आणि विमा पाहून त्या घेणाऱ्यांनी गाडी लिफ्टवर चढवून खालचे सांधे पाहिल्याखेरीज व्यवहार पुरा करू नये.

एवढे कराच

- दर पंधरवड्याला टायर थंड असताना हवा तपासा. हवेचा योग्य दाब चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो.
- दर सर्व्हिसिंगला टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि रॅकचे रबरी बूट तपासून घ्या. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ही तपासणी चुकवू नका.
- मोठा खड्डा किंवा दुभाजकाची कड जोराने लागल्यास, काही जाणवले नाही तरी अलाइनमेंट तपासा.
- कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा रुंद टायर आणि मोठी अलॉय चाके बसविणे टाळा. त्यांचा ताण थेट सांध्यांवर येतो.
- खाडीच्या किंवा पुराच्या पाण्यातून गाडी न्यावी लागली असेल तर रॅक आणि कॉलमचे सांधे उघडून पाहण्यास सांगा.
- आंबोली, ताम्हिणी किंवा कसारा, कोणताही घाट असो, उतारावर इंजिन बंद करू नका. पॉवर स्टीअरिंगची मदत जाते, ब्रेकचे बळ घटते आणि किल्ली काढल्यास चक्र कुलूपबंद होते.
- कंपनीने गाडी परत बोलावली आहे काय, हे चासी क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. जुनी गाडी घेतली असेल तर हे अवश्य करा, कारण कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असते.

टाय रॉड एंडची किंमत बहुतेक छोट्या एसयूव्हींमध्ये पेट्रोलची टाकी एकदा भरण्याच्या खर्चापेक्षाही कमी असते. रबरी टोपी तर त्याहून स्वस्त. मात्र गाडीतील पाचही जणांचा भार घाटाच्या वळणावर याच भागांच्या भरवशावर असतो. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना 'एसी बघा, वायपर बघा' या यादीत 'टाय रॉड आणि बॉल जॉइंट बघा' एवढी एक ओळ जोडावी. आपण विचारल्याशिवाय ते कोणी पाहीलच, याची खात्री नाही.